फुकटचे अवजार आणि बिनपगारी कारागीर

व्यापाऱ्यांची संघटना असो, कारखानदारांची समिती असो की संगणकाच्या कारागिरांचा गट असो, बिनपगारी मंडळींच्या कामाचा हिशेबच निराळा. पेढीवरच्या नोकराला मालक हुकूम देऊ शकतो, स्वयंसेवकाला तसा देता येत नाही. जे अवजार जाचक वाटेल ते तो बाजूला ठेवतो आणि पाठोपाठ कामही सोडतो. अशा गटाने कामकाजासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न आम्हांला किमतीपेक्षा मालकीचा वाटतो. लिनक्सचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

लिनक्स म्हणजे संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली त्याची सुरुवात केली आणि देशोदेशीचे जाणकार त्यात भर घालू लागले. जो तो आपली दुरुस्ती ई-मेलने पाठवी आणि टॉरवाल्ड्स ती तपासून मूळ मजकुरात मिळवीत. पसारा वाढला तसे हे जमेना. दुरुस्त्या गहाळ होत, पुन:पुन्हा पाठवाव्या लागत. साऱ्या कारखान्याचा माल एकट्या उस्तादाने पारखावा, तशी ही गत.

2002 साली त्यांनी बिटकीपर नावाचे सॉफ्टवेअर घेतले. ते एका खाजगी कंपनीचे, पण या मंडळींना फुकट दिलेले. अट अशी की, फुकट वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करील असे सॉफ्टवेअर बनवू नये. काहींनी तेव्हाच हरकत घेतली होती. पण काम झपाट्याने होऊ लागले, आणि ज्याने काम भागते त्याच्या शर्ती कोण वाचत बसतो!

पुढे अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन जाणकाराने बिटकीपरच्या साठ्यातील माहिती स्वतंत्रपणे वाचता येईल असे साधन करावयास घेतले. कंपनीला हे मानवले नाही. एप्रिल 2005 मध्ये फुकटची सवलत बंद होणार हे जाहीर झाले. आम्ही कंपनीला बोल लावणार नाही; माल तिचा, शर्तीही तिच्या. पण तीन वर्षांचे काम त्या दुकानात मांडलेले होते.

बाजारातली दुसरी साधने टॉरवाल्ड्स यांना पसंत पडेनात. शेवटी ते स्वत:च लिहावयास बसले आणि थोड्याच दिवसांत गिट कामापुरते उभे राहिले. जूनमध्ये लिनक्सची 2.6.12 ही आवृत्ती गिटच्याच आधारे बाहेर पडली. जुलैमध्ये गिटची देखभाल त्यांनी जुनिओ हमानो यांच्या हाती दिली.

गिटची युक्ती जमाखर्च ठेवणाऱ्याला चटकन समजेल. मूळ वही एकाच्याच कपाटात नसते. प्रत्येक कारागिराजवळ पहिल्या नोंदीपासून पूर्ण नक्कल असते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेली एक खूण असते आणि तीत मागच्या नोंदीची खूणही धरलेली असते. मागे कुठे एक अक्षर बदलले तरी पुढच्या साऱ्या खुणा बदलतात, जसा मागची रक्कम खोडल्यावर पुढच्या पानाचा मेळ बसत नाही. उद्या एखादे दुकान बंद झाले तरी वही शाबूत राहते.

बोलण्याचालण्याच्या साधनांचेही असेच आहे. स्लॅक हे गटांच्या संवादाचे साधन फुकट वापरणाऱ्यांना सप्टेंबर 2022 पासून केवळ मागील 90 दिवसांचे बोलणे दिसू लागले. ज्या गटांचे निर्णय गप्पांतच नोंदलेले होते, त्यांची जुनी पाने डोळ्यांआड गेली.

आपल्याकडे बाजार समित्यांचे कितीतरी ठराव हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरच होतात. झटपट निरोपासाठी ते सोयीचे आहे, आम्हीही वापरतो. परंतु वर्गणी, दर आणि ठराव यांची नोंद वेगळ्या फाइलीत, जी कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या रूपात ठेवावी आणि तिची नक्कल निदान दोघांकडे असावी. गटाचा अ‍ॅडमिन एकच असेल तर आजच दुसरा नेमावा.