नाव कोणते घ्यावे? लैंगिक अल्पसंख्य आणि आपली मराठी

एखाद्या समाजघटकाला नाव कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध नोंदवून सभागृहाबाहेर पडले. शब्द ऐकायला गोड होता. पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो नको होता. तोच प्रश्न आज समलिंगी, तृतीयपंथी व अशा इतर व्यक्तींच्या बाबतीत उभा आहे. संस्थेच्या अर्जावर, वसतिगृहाच्या नियमावलीत किंवा व्याख्यानाच्या पत्रिकेत या सर्वांना मिळून काय म्हणावे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसाला कोणाविषयी आकर्षण वाटते ही एक बाब. तो स्वतःला स्त्री मानतो, पुरुष मानतो की दोहोंहून वेगळा, ही दुसरी. जन्मतः शरीराची रचना कशी आहे, ही तिसरी. मराठीत तिन्ही ठिकाणी आपण 'लिंग' हा एकच शब्द पुरवून वापरतो आणि घोटाळा तेथेच होतो. शाळेत आपण शिकतो की जास्वंदीचे फूल 'उभयलिंगी' असते. स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीलाही काही लेखक 'उभयलिंगी' म्हणतात. भरीस भर म्हणजे २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याचे हिंदी नावही 'उभयलिंगी व्यक्ती' असेच आहे! म्हणजे एका शब्दाचे तीन अर्थ, आणि वाचणारा विद्यार्थी शेवटी फुलाचेच चित्र डोळ्यांपुढे आणतो. आकर्षणाविषयी बोलताना 'उभयलैंगिक' आणि स्वतःच्या ओळखीविषयी बोलताना स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात रुळलेला 'लिंगभाव' हा शब्द वापरला, तर निम्मा गोंधळ मिटतो.

आता 'तृतीयपंथी'. हा शब्द शासनानेही स्वीकारला आहे. २०२० साली महाराष्ट्रात कल्याण मंडळ स्थापन झाले ते याच नावाने. शिवीसारख्या वापरल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा तो शतपटीने बरा. परंतु 'पंथ' म्हटले की गुरू, दीक्षा, शिष्यपरंपरा आली. गुरू-चेला परंपरेत राहणाऱ्या हिजडा समुदायाला तो लागू पडेल. पण जन्मतः मुलगी ठरविलेला आणि आज पुरुष म्हणून कचेरीत नोकरी करणारा तरुण कोणत्या पंथात गेला? शिवाय 'तृतीय' म्हटले की पहिला कोण, दुसरा कोण, हा प्रश्न आलाच. पायऱ्यांची समाजरचना ज्यांनी सोसली त्यांना हे अधिक सांगावयास नको. त्याऐवजी 'पारलिंगी' हा शब्द आता मराठीत येऊ लागला आहे. उलटपक्षी, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मकथनाच्या नावातच 'हिजडा' हा शब्द ताठ मानेने घेतला. त्यांनी तो स्वतःसाठी घेणे वेगळे आणि आपण तो त्यांच्यामागे उच्चारणे वेगळे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात आपला लिंगभाव ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीलाच दिला आणि ट्रान्सजेंडर या व्यापक शब्दाखाली हिजडा, कोथी, अरवणी, जोगप्पा अशी निरनिराळी नावे नोंदविली. २०१९ च्या कायद्यातील व्याख्येत यल्लम्माच्या जोगत्यांचाही नावाने उल्लेख आला. व्यापक शब्दाबरोबर आतली नावेही लिहिली, तर कोणी 'हा आमच्यासाठी नव्हे' असे म्हणून परत जात नाही. पण या यादीत समलिंगी स्त्री-पुरुष नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. त्यांचा प्रश्न आकर्षणाचा आहे.

सर्वांना कवेत घेणारा शब्द म्हणून 'लैंगिक अल्पसंख्य' सुचविला जातो. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही तोच आहे. राज्यघटनेच्या भाषेशी त्याचे नाते जुळते, हा त्याचा गुण. त्याचा धोका ११ डिसेंबर २०१३ रोजी दिसला. कलम ३७७ कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने असे लोक लोकसंख्येचा अत्यल्प भाग आहेत, हेही एक कारण दिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी तो निकाल उलटला. पण संख्येवर बेतलेले नाव संख्येच्याच तराजूत तोलले जाते, ही गोष्ट राहिलीच. २०११ च्या जनगणनेत तर 'इतर' असा रकाना होता. त्यात देशात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. 'इतर' हे काय नाव झाले?

'एलजीबीटी' ही इंग्रजी आद्याक्षरे शहरात चालतात. 'क्वीअर' हा मूळचा अपमानाचा इंग्रजी शब्द अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास अभिमानाने उचलला. १९७२ साली पँथरने 'दलित' शब्द ज्या ताठ मानेने मिरविला, तिची येथे आठवण होते. मात्र तालुक्याच्या गावी 'क्वीअर' मध्ये ना अपमान ऐकू येतो ना अभिमान. एड्स नियंत्रणाच्या कामात तयार झालेला 'एमएसएम', म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, हा शब्द दवाखान्याच्या नोंदवहीपुरता ठीक. त्यात स्त्रिया मुळीच नाहीत आणि स्वतःची ओळख कोणी तशी सांगत नाही.

थोडे विषयांतर. विनयपिटकात 'पंडक' हा शब्द आहे आणि अट्ठकथेत त्याचे पाच प्रकार दिले आहेत. म्हणजे तोही एक व्यापक शब्दच. पण तो उपसंपदा नाकारण्यासाठी वापरला गेला. त्याच विनयात लिंग बदललेल्या भिक्खूला भिक्खुणी संघात ज्येष्ठतेसह जाण्याची मुभाही आहे. अभ्यासूंनी दोन्ही स्थळे मुळातून वाचावीत.

तामिळनाडूने एक वाट दाखविली आहे. तेथे 'अरवणी' मागे पडून स्त्रियांसाठी 'तिरुनंगै' व पुरुषांसाठी 'तिरुनंबी' हे शब्द रूढ झाले आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यानंतर २०२२ साली सरकारने शब्दसूची राजपत्रात प्रसिद्ध केली. मराठीत अशी सूची होईपर्यंत कार्यकर्त्यांनी काम पाहून शब्द घ्यावा. शिष्यवृत्ती पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी असेल तर तसेच लिहावे, 'लैंगिक अल्पसंख्य' लिहून संदिग्धता ठेवू नये. व्याख्यान सर्वांविषयी असेल तर पत्रिकेत 'समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी, हिजडा, जोगता व इतर लैंगिक आणि लिंगभाव अल्पसंख्य' असे सविस्तर छापावे. एक ओळ वाढेल इतकेच. अर्जावर स्त्री व पुरुष या चौकटींच्या खाली एक रिकामी रेघ ठेवावी, आणि ही माहिती ज्या अर्जात लागतच नाही तेथून तो प्रश्नच काढून टाकावा.