मार्कर कोणाच्या हातात

वरिष्ठांच्या ऑफसाइटसाठी लोणावळ्याला जायचं की महाबळेश्वरला, यावर महिनाभर खल होतो. बैठक चालवणार कोण, हे मात्र शेवटच्या आठवड्यात, बहुधा कुणाच्या तरी ओळखीने ठरतं. गेली कित्येक वर्षं आपल्याकडे हे असंच चाललं आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

गटाची बैठक चालवण्याच्या या कामाचं मूळ अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात आहे. 1946 च्या उन्हाळ्यात न्यू ब्रिटन इथे मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी वांशिक तेढ कमी करण्यासाठी झटणाऱ्यांची कार्यशाळा घेतली. दिवसभर गटांत काय घडलं, हे निरीक्षक रात्री प्रशिक्षकांना सांगत. एकदा काही सहभागींनी 'आम्हीही बसू का' असं विचारलं आणि लेविन हो म्हणाले. आपल्या वागण्याचं केलेलं वर्णन एका बाईंना पटलं नाही. त्यांनी तिथेच हरकत घेतली आणि चर्चा रंगली. ठरवलेल्या कार्यक्रमापेक्षा या रात्रीच्या बैठकांतूनच लोक जास्त शिकू लागले. लेविन फेब्रुवारी 1947 मध्ये गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावी हे काम पुढे नेलं. 1969 मध्ये एडगर शाइन यांनी 'प्रोसेस कन्सल्टेशन' या पुस्तकात बाहेरून येणाऱ्याची भूमिका स्पष्ट केली. त्याने तयार उत्तर द्यायचं नाही. आपलं काम आपसांत कसं चालतं, हे गटाला दिसायला मदत करायची.

आपल्याकडे सत्तरच्या दशकात हे बीज रुजलं. अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या कामातून 1975 मध्ये लार्सन अँड टुब्रोत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्या पिढीतल्या प्रशिक्षकांना गप्प बसण्याचीही तालीम असे. 1991 नंतर कंपन्या वाढल्या, बजेटं वाढली, आणि बैठक चालवणाऱ्या फॅसिलिटेटरच्या जागी प्रेरक वक्ता आला. पाठोपाठ दोरखंड आणि तराफ्यांचे साहसी खेळ. लोक ताजेतवाने होऊन परतत, पण ज्या वादासाठी एकत्र बसायला हवं होतं तो तसाच राही. 2020 मध्ये सगळं स्क्रीनवर गेलं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

चाकणच्या एका कारखान्याची बैठक मला आठवते. एमडी स्वतःच फ्लिपचार्टपाशी उभे होते. 'मोकळेपणाने बोला' म्हणाले आणि पहिला मुद्दा स्वतःच लिहिला. प्रॉडक्शनचे प्रमुख, ज्यांना उशिरा जाणाऱ्या मालाचं खरं कारण माहीत होतं, ते जेवणापर्यंत वहीत रेघोट्या ओढत होते. पुढच्या वर्षी बाहेरच्या एक बाई आल्या. आधी त्यांनी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलून घेतलं. बैठकीत सगळ्यांना आधी कागदावर लिहायला लावलं आणि एमडींना सर्वांत शेवटी बोलायची विनंती केली. प्रॉडक्शनचे तेच प्रमुख पहिल्या तासात बोलले.

म्हणून मला वाटतं, निर्णयात ज्याचा काही हितसंबंध नाही असाच माणूस निवडावा. एचआर प्रमुख कितीही कुशल असोत, त्यांची पगारवाढ एमडींच्याच सहीने होते; साहेबांना थांबवायला त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. वार्षिक नियोजनाचे आकडे जुळवायचे असतील तर घरचा माणूस चालतो, किंबहुना तोच बरा. पण भागीदारांत अबोला असेल, वारसदार ठरवायचा असेल, तर नको. आणि ज्या सल्लागाराला नंतर मोठं काम मिळवायचं आहे, तोही नको. त्याचं अर्धं लक्ष पुढच्या प्रस्तावाकडे असतं.

निवडताना लोक बायोडाटा पाहतात, मोठ्या ग्राहकांची नावं विचारतात. मी एवढंच विचारते: एमडींनी चर्चा ताब्यात घेतली तेव्हा तुम्ही काय केलंत, ते एका प्रसंगातून सांगा. आणि एकट्याने बोलताना कळलेलं तुम्ही कोणाला, किती सांगता? हे दोन्ही प्रश्न एमडी समोर असतानाच विचारावेत, म्हणजे उत्तराबरोबर एमडींचा चेहराही पाहायला मिळतो.