पर्जन्याची नोंद आणि आकस्मिक पूर

ओढ्याला एकाएकी पूर येऊन गेला की गावात त्याविषयी नाना गोष्टी ऐकू येतात. कोणी पाणी पुरुषभर होते म्हणतो, कोणी गुडघाभर. अशा वेळी पर्जन्याची नोंद ही भरवशाची साक्ष होय. मात्र ती वाचावी कशी, हे शिक्षकांस ठाऊक असले पाहिजे.

जोराचा पाऊस सुरू झाल्यापासून साधारणतः सहा तासांच्या आत जो पूर चढतो, त्यास आकस्मिक पूर म्हणतात. म्हणून दिवसाच्या एकूण पावसावरून त्याची ओळख पटत नाही. 100 मिलिमीटर पाऊस दिवसभर संथपणे पडला तर बराचसा जमिनीत मुरतो; तोच दोन तासांत कोसळला तर ओढ्याकडे धावतो. एवढ्या पावसाने एका हेक्टरावर 10 लक्ष लिटर पाणी पडते.

स्थळाचा विचारही तितकाच महत्त्वाचा. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत मिठी नदीला महापूर आला. त्या वेळी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात कुलाब्यास मात्र सुमारे 73 मिलिमीटरच. केवळ कुलाब्याची नोंद पाहणाऱ्यास पुराची वार्ता खोटी वाटली असती. शिवाय चोवीस तासांचे माप सकाळी साडेआठला घेतात. त्यामुळे 26 तारखेच्या दुपारचा पाऊस 27 च्या नोंदीत येतो. तारीख जुळवताना हे विसरू नये.

उलटपक्षी, पाऊस हेच प्रत्येक पुराचे निकटचे कारण नसते. 12 जुलै 1961 रोजी पुण्यात पूर आला तो पानशेतचे धरण फुटल्यामुळे. त्याचा उलगडा शहराच्या पर्जन्यमापकातून होणार नाही.

तेव्हा शाळेतील पर्जन्यमापक झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावा. मोठी सर आल्यास ती केव्हा सुरू झाली व केव्हा थांबली, हे लिहावे. भांडे भरून वाहिले असल्यास तसेच नमूद करावे. अंदाजाचा आकडा घालू नये. पूर ओसरल्यावर शिक्षकांनी स्वतः पाण्याची खूण पाहून तिची उंची मांडावी, आणि पाणी केव्हा चढले याची वेळ गावकऱ्यांकडून घ्यावी. मुलांना त्या कामी पाठवू नये.

चार-पाच पावसाळ्यांच्या अशा नोंदींवरून वरच्या डोंगरात पाऊस झाल्यावर आपला ओढा किती वेळाने चढतो, याचा अंदाज बांधता येतो. गावावर ऊन असतानाही पलीकडच्या वस्तीवरील मुलांना केव्हा थांबवून घ्यावे, हे मग शिक्षकांस वेळीच ठरवता येईल. या वहीचे खरे मोल तेच होय.