तीन तोळ्यांची कवटी

माळेगावची यात्रा जवळ आली की अहमदपूरच्या सोनारांकडे देवाचे टाक उजळायला येतात. रिठ्याच्या पाण्यात कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी, कुणाचे पूर्वज एकत्र पडलेले असतात. अशा गडबडीत अण्णांच्या दुकानात एक तरुण आला आणि त्यानं मोबाईल पुढे केला. चांदीची अंगठी होती. मधोमध कवटी, दोन्ही खांद्यांवर किरणांचा गोल आणि गोलात जीभ काढलेला चेहरा.

"अशीच पाहिजे, अण्णा. तीन तोळ्यांची. हातात जड लागली पाहिजे."

"मढ्याचं डोस्कं बोटात घालून फिरायलास का आता?" अण्णा म्हणाले. पण चित्र मोठं करून ते बराच वेळ बघत राहिले ते सूर्याकडे. टाकावर सूर्य-चंद्र काढण्यात त्यांची हयात गेलेली.

तो सूर्य मेक्सिकोतल्या एका शिळेवरचा. ॲझ्टेक लोकांनी कोरलेली ती शिळा 17 डिसेंबर 1790 रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात जमिनीखाली सापडली. दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या बालाघाटच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. व्यास साडेतीन मीटरहून थोडा जास्त, वजन सुमारे 24 टन. मधल्या चेहऱ्याची जीभ म्हणजे गारगोटीची सुरी, आणि बाजूच्या पंजांत माणसांची काळजं. भोवती आधी लयाला गेलेल्या चार सूर्यांच्या चौकटी, त्यांच्याबाहेर वीस दिवसांच्या वीस खुणांचं कडं. त्यातली एक खूण मृत्यूची, आणि ती कवटीच आहे. तेव्हा ही जोडी कुणा दागिनेवाल्यानं उगाच जुळवलेली नाही. कवटीच्या अंगठीची हौस मात्र वेगळ्या वाटेनं आली. 1978 साली लंडनच्या दोन कारागिरांनी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला तशी अंगठी दिली. ती त्याच्या बोटात जगभर दिसली आणि पुढं तिच्या नकला निघत राहिल्या.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. "खंडोबाचा वार कोणता? रविवार. आन् भैरवाच्या हातात काय असतंय? कवटीच की!"

तरुणानं चांदी म्हणून आजीच्या पिशवीतले तीन हाली रुपये आणले होते. निजामाचा हा रुपया 11.18 ग्रॅमचा, आणि त्यात चांदी हजारात 818. दागिन्याला 925 चा कस धरायचा, तर या तीन नाण्यांत वरून जवळजवळ 48 ग्रॅम चोख चांदी घालावी लागते. अण्णांनी कागदावर हिशेब मांडला आणि नाणी परत पिशवीत टाकली. "ऐंशी ग्रॅमचा रस होतो. अंगठी करायचीय का बेडी?" मग चोख चांदी घेतली आणि हजारात 75 भाग तांबं धरलं. नुसती चोख चांदी मऊ असते. रोज बोटात राहिली, तर कवटीचे दात वर्षभरात घासून सपाट होतील.

खरं काम मेणात झालं. कडक मेणाच्या तुकड्यावर आधी बोटाचं माप, तेही थोडं सैल धरून, कारण रुंद पट्टी बोटाला घट्ट बसते. मग कवटी. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं त्रिकोणी भोक, गालाचं हाड, दात. पहिल्यांदा तोललं तेव्हा मेण पाच ग्रॅम भरलं. अण्णांचं गणित तोंडपाठ: मेणाच्या अकरा पट चांदी. म्हणजे पंचावन्न ग्रॅम, पावणेपाच तोळे. मग त्यांनी कवटी आतून कोरायला घेतली. मेण उजेडासमोर धरायचं, पारदर्शक दिसेल तिथं थांबायचं, कारण त्यापुढं भोक पडतं. बोटाच्या तळव्याकडची पट्टी मात्र जाड ठेवली. सगळं वजन वर असलं की अंगठी फिरते आणि कवटी खाली लोंबते. शेवटी मेण सव्वातीन ग्रॅमच्या आत बसलं.

मेण तोलून धातू ठरवण्याची ही रीत आपल्या भागाला जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मेणाचा साचा करून मूर्ती ओतायची कृती आहे, आणि तिथं चांदी मेणाच्या बारा पट घ्यायला सांगितली आहे. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून फार लांब नाही. ओतताना देठात आणि नरसाळ्यात काही चांदी अडकतेच, त्यामुळं अण्णांची अकरा पट आणि राजाची बारा पट यांत भांडण नाही.

मेणाला देठ लावून ते लोखंडी नळकांड्यात उभं केलं आणि भोवती प्लास्टरसारखा लगदा ओतला. सुकल्यावर नळकांडं आधी मंद, मग लाल होईपर्यंत तापवलं. मेण जळून आत पोकळी उरली. चांदी वितळते 961 अंशांच्या पुढं. तांबं मिसळलं की त्याआधीच. नळकांड्याच्या तोंडावरच्या खळग्यात तुकडे ठेवून, वर टाकणखार शिंपडून, अण्णांनी ज्योत धरली. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिते आणि थिजताना तो थुंकते, मग दागिन्यात छिद्रं पडतात. टाकणखाराची साय तिला झाकते. देठाचं भोक बारीक असल्यानं रस आपोआप खाली उतरत नाही. तो आरशासारखा चमकला, तशी अण्णांनी आत ओल्या कागदाचा थर दिलेलं झाकण झटक्यात वर दाबलं. वाफेनं रस आत ढकलला. सगळा खेळ दोन श्वासांचा.

नळकांडं पाण्यात घातल्यावर प्लास्टर फसफसून फुटलं आणि राखाडी, खरबरीत कवटी निघाली. पातळ तेजाबात धुणं, देठ कापणं, कानस, पॉलिश पेपर हे सवयीचं. सूर्याचे किरण मात्र अण्णांनी छिन्नीनं पुन्हा एकेक उठवले. त्यांनी सूर्याला मिशा काढल्या नाहीत, हा त्यांचा संयम. टाकावरच्या देवाला त्या असतातच. शेवटी गंधकाच्या पाण्यात अंगठी काळी केली आणि उंचवटे घासले. खोबणींत काळं राहिलं, आणि तेव्हा कुठं कवटी बघायला लागली.

तराजूवर 34 ग्रॅम. तरुण खूश झाला. मजुरीवर मात्र अडला. पैंजणाला ग्रॅममागे जो दर, तोच त्याला हवा होता. मला ते पटलं नाही. पैंजण ठशातून निघतं. इथं कारागिराचा सगळा वेळ चांदी कमी करण्यात गेला होता, आणि ग्रॅमवर मोजलं, तर तेवढीच त्याची कमाई कमी होते.

अशी अंगठी करून घ्यायची असेल, तर चांदीची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि मजुरी नगावर ठरवा. कस 925 असल्याचं बिलावर मागा. चांदीचा ओळख क्रमांकासह हॉलमार्क सप्टेंबर 2025 पासून सुरू झाला, पण ऐच्छिक म्हणून. तेव्हा विचारायचं काम गिऱ्हाइकाचं आहे.