आजोबा, केबल आणि दादाची गिटार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या माहेरच्या वाड्यात सकाळ उजाडायची ती आजोबांच्या तंबोऱ्याने. आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पं. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने सुरू झालेली ही संस्था. घरात ख्याल सोडून दुसऱ्या कशाला गाणं म्हणायची सोयच नव्हती. नाट्यगीतसुद्धा ‘‘बरं आहे’’ एवढ्यावर सुटायचं. अशा घरात १९९४ साली दादाने गिटार आणली. आजोबांनी ती निरखून पाहिली आणि शांतपणे विचारलं, ‘‘बाळ, दुकानदार परत घेतो ना?’’

त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली आणि केबलबरोबर चॅनल व्ही. १९९६ मध्ये एमटीव्हीही भारतात नव्याने सुरू झालं. त्याआधी आपल्याकडच्या रॉक बँडना विचारत कोण होतं? मुंबईत रंगभवनला ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, कॉलेजांच्या महोत्सवांत गर्दी व्हायची, पण ती गर्दी घरी गेली की संपलं. कॅसेट कंपन्यांना सिनेमाची गाणी हवी असत. ग्वाल्हेरच्या मुलाला मुंबईतला बँड ऐकायला मिळणार तरी कुठे?

वाहिन्यांना मात्र दिवसभर दाखवायला गाणी हवी होती, आणि तीही इथल्या चेहऱ्यांची. त्या फटीतून हे बँड घरोघर शिरले. मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ पासून वाजवत होता. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याचा त्यांचा व्हिडीओ एमटीव्हीवर लागला, पुढे बँडला एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला. त्यात गायक उदय बेनेगल आणि गिटारवर महेश तिनईकर. (आडनाव ऐकून आपल्याकडच्या वाचकांना तिनईघाट आठवला असेल. मलाही लग्नानंतर इकडे आल्यावरच तो कळला!)

दादाच्या दृष्टीने मात्र प्रसिद्धी दुय्यम होती. त्याला बोटं बघायची होती. गावात रॉक गिटार शिकवणारं कुणी नव्हतं. पडद्यावर वादकाचा हात दिसायचा तो जेमतेम दोन सेकंद, की लगेच समुद्र नाहीतर नाचणारी मुलगी! मग तेच गाणं पुन्हा लागेपर्यंत तो जेवणाचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचा. शेजाऱ्यांचा व्हीसीआर मागून आणायचा, टेप थांबवून थांबवून एकेक कॉर्ड उतरवून घ्यायचा. आई म्हणायची, ‘‘अरे, एवढा अभ्यास केला असतास तर!’’

१९९८ मध्ये दिल्लीच्या ‘युफोरिया’चं ‘धूम पिचक धूम’ आलं. गायक पलाश सेन डॉक्टर, व्हिडीओ प्रदीप सरकार यांचा, शब्द हिंदी. इंग्रजी रॉक कॉलेजपुरतं राहिलं होतं, हे मात्र पानवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी गेलं. आजोबा पेपर खाली ठेवून ते शेवटपर्यंत बघत बसले. ‘‘मुलगा सुरात आहे,’’ एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दादाची गिटार पलंगाखालून निघून बैठकीच्या खोलीत आली. आमच्या घरात जी मान्यता चार वर्षं वाद घालून मिळाली नव्हती, ती चार मिनिटांच्या व्हिडीओने मिळवून दिली. बँडना टीव्हीने काय दिलं असं कुणी विचारलं, तर मला आधी ती बैठकीची खोली आठवते.

दादाने मित्रांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कॅसेट एका वाहिनीला पाठवली. उत्तर आलं नाही. रोज दुपारी पोस्टमनला ‘‘मुंबईचं काही आहे का हो?’’ म्हणून विचारत होते ते आजोबा. दोन-अडीच महिने तरी विचारत होते. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि दादाने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

वाहिन्यांनाही पुढे सिनेमाची गाणी आणि रिअ‍ॅलिटी शो स्वस्त व सोयीचे वाटू लागले. तरी दार पुरतं बंद झालं नाही. पुण्याच्या ‘अग्नी’ला ‘रोडीज’च्या शीर्षकगीतांनी घरोघर नेलं. २०११ मध्ये एमटीव्हीवर ‘कोक स्टुडिओ’ आला. केरळात तर २०१३ मध्ये कप्पा टीव्हीच्या ‘म्युझिक मोजो’तून ‘थैक्कुडम ब्रिज’ एवढा गाजला की मल्याळम न कळणारेही त्यांची गाणी ऐकू लागले. चॅनल व्ही मात्र २०१८ मध्ये भारतात बंद झालं. ती बातमी मी दादाला फोनवर सांगितली, तर तो नुसता ‘‘हं’’ म्हणाला.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. आजोबा आता नाहीत. दादाची मुलगी मोबाइलवर गिटारचा धडा बघत होती. त्यात वादकाची बोटंच बोटं, हवी तितका वेळ! दादा तिच्या मागे उभा राहून बघत होता. ‘‘थांबव, थांबव जरा,’’ म्हणाला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, ‘‘तिसरं बोट. मी सत्तावीस वर्षं दुसरं लावतोय!’’