काट्याचा दोष की तारेचा?

बडोद्याच्या वाडी भागात जुन्या मराठी घरांच्या ओट्यापुढे ताडपत्रीखाली झाकलेली एखादी अ‍ॅम्बॅसॅडर किंवा फियाट दिसावी, यात नवल नाही. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी जपलेली आणि आता नातवाने पुन्हा रस्त्यावर आणावयाचे मनात घेतलेली अशी ती गाडी असते. इंजिनाचे काम होते, पत्र्याचे होते, रंग चढतो, किल्ली फिरवताच गाडी सुरूही होते. आणि मग ध्यानात येते की, टाकीत दहा लिटर पेट्रोल असूनही काटा शून्यावरून हलत नाही, किंवा थंडगार इंजिनावरही तपमानाचा काटा लाल रेघेला जाऊन भिडतो. मालक फर्मावतो, "मीटर बदलून टाका." बहुधा चूक येथेच होते.

मीटर बदलणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ साली बंद झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अस्सल मीटर आज भंगारबाजारात शोधावे लागतात. असा धड असलेला मीटर काढून त्याच्या जागी कोठला तरी दुसरा बसविला, तर मूळ रोग जसाच्या तसा राहतो आणि पदरची चांगली वस्तू मात्र जाते.

वास्तविक काटा हा निरोप्या आहे. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो आणि त्याच्या दांडीमुळे विजेला होणारा विरोध कमीअधिक होतो. इंजिनात बसविलेला तपमानाचा सेंडरही याच जातीचा. पाणी तापत जाईल तसतसा त्याचा विरोध घटतो. बॅटरीतून निघालेली वीज मीटरमधून सेंडरपर्यंत जाते आणि तेथून गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. जाण्यासाठी तार आहे, परतण्यासाठी वेगळी तार नाही. सबंध गाडी हीच परतीची वाट. या वाटेला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. इंग्रजी शब्द मराठीत येऊन इतका चपखल बसल्याची उदाहरणे थोडीच सापडतील, कारण हा अर्थ सुटला की काट्याचे सारेच बोलणे निरर्थक होते!

म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, एकच काटा बिघडला आहे की दोन्ही? एकच बिघडला असेल तर त्याच्या तारेवर, सेंडरवर किंवा खुद्द मीटरवर संशय घ्यावा. दोन्ही एकदम बिघडले असतील तर दोन्ही मीटर एकाच दिवशी मेले असे मानण्यापेक्षा दोघांचा जो सामाईक भाग, तो तपासणे शहाणपणाचे. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या अनेक डॅशबोर्डांमागे काड्यापेटीहूनही लहान अशी एक पत्र्याची डबी असते, तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत चढतो, दिवे लावून उभी असताना १२ च्या आसपास येतो. या चढउताराबरोबर काटे हलू नयेत म्हणून ही डबी विजेचा प्रवाह सारखा जोडीत-तोडीत राहते आणि मीटरांना सरासरी १० व्होल्टच पोहोचू देते. तिच्या अंगाचा डॅशबोर्डशी असलेला संबंध सुटला की ती तोडण्याचे काम सोडून देते, आणि दोन्ही काटे जास्त दाखवू लागतात. तपमानाचा काटा पाहून मालक रेडिएटर साफ करवितो, पंप बदलतो. आणि रोग असतो एका गंजलेल्या स्क्रूखाली.

नव्याने रंगविलेल्या गाड्यांत हा प्रकार विशेष घडतो. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो मोठा मेळावा भरला, त्यानंतर घरची गाडी तशीच चकचकीत करावी असे कित्येकांना वाटले असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु रंग हा विजेचा वैरी आहे. डॅशबोर्डचा पत्रा, दिव्यांच्या बैठका, टाकीचे कान ही सारी ठिकाणे रंगाऱ्याने मन लावून रंगविली की धातूचा धातूशी स्पर्श उरत नाही. अर्थाच्या प्रत्येक जोडाखाली रुपयाएवढी जागा घासून उघडी करावी, तार घट्ट आवळावी आणि मग वरून थोडे ग्रीस लावावे. दिसावयास ते बरे दिसत नाही, पण तेथे दुसरा उपाय नाही.

अर्थ कच्चा असल्याची एक सोपी खूण आहे. रात्री दिवे लावले किंवा वळण्याचा इंडिकेटर दिला, की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर नाचू लागतो. परतीची नेहमीची वाट अडली की वीज शेजारच्या उपकरणातून वाट काढते, त्याचा हा परिणाम. खात्री करावयाची असल्यास साधा मल्टिमीटर पुरे. दिवे लावून ठेवावेत, मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थाच्या टोकाला आणि दुसरे डॅशबोर्डच्या उघड्या पत्र्याला लावावे. दोहोंत ०.१ किंवा ०.२ व्होल्टचा फरक चालतो. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसला तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे, असे खुशाल समजावे.

इंजिनाच्या अर्थाची गोष्ट याहून गंभीर आहे. इंजिन रबराच्या बैठकांवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवून पुन्हा चढविताना ही पट्टी जोडावयाची राहिली, की स्टार्टरला लागणारा शंभराच्या वर अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून, परत फिरतो. ती बारीक तार तापून लाल होऊ शकते. स्टार्टर सुस्त फिरत असेल आणि चोकची मूठ ऊन लागत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी ही पट्टी पाहावी. तपमानाचा सेंडरही आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो. गळती थांबावी म्हणून त्या आट्यांवर टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळले, तर काटा थंडच राहतो. वैशाखात, बडोद्याचा पारा ४२ अंशांच्या वर असताना, काटा थंड दाखवीत असता इंजिन उकळून हेड वाकडे झाले, तर त्या दुरुस्तीच्या खर्चापुढे मीटरची किंमत काहीच नाही.

बडोद्यात आणखी एका शत्रूची गणना करावी लागते, तो म्हणजे विश्वामित्रीचे पाणी. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात पूर आला. दुसऱ्या वेळी तर २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर चढली. अशा पाण्यातून निघालेली गाडी आठ दिवसांत सुकते आणि चालूही लागते. रोग महिन्यांनी प्रकट होतो. वायरच्या वेष्टनाखाली पाणी केशाकर्षणाने आत शिरलेले असते, तांबे हिरवे-काळे पडते, आणि बाहेरून नवी दिसणारी तार आतून भुकटी झालेली असते. असे टोक केवळ घासून भागत नाही. स्वच्छ, लालसर तांबे दिसेपर्यंत तार मागे कापावी आणि नवे टोक बसवावे.

पेट्रोलचा मीटर आणि सेंडर यांत दोषी कोण, हे ठरविण्याची रीत अशी. किल्ली बंद ठेवून टाकीवरील सेंडरची तार काढावी आणि ती कशालाही लागणार नाही अशी ठेवून किल्ली फिरवावी. काटा एका टोकाला जाईल. पुन्हा किल्ली बंद करावी, तार बॉडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट लावावी, आणि मग क्षणभर किल्ली फिरवावी. काटा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर व तार दोन्ही निर्दोष आहेत आणि बिघाड टाकीत किंवा टाकीच्या अर्थात आहे. कोणते टोक केव्हा, हे गाडीगणिक बदलते, त्याने गोंधळू नये. मात्र किल्ली चालू असताना टाकीजवळ तार लावण्या-काढण्याचा मोह कोणीही धरू नये. तेथे उडालेली एक ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते.

फ्यूजच्या बाबतीतला आपल्याकडचा रिवाज तर चिंता करण्याजोगाच आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळतात. मग फ्यूज उडत नाही, हे खरे. त्याऐवजी डॅशबोर्डमागचा तारांचा जुडगा जळतो. ३०-४० वर्षांच्या तारेचे वेष्टन कडक होऊन तडकलेले असते, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना तिला जपणारी रबरी कडी बहुधा गळून पडलेली असते. फ्यूज उडतो आहे तो त्या भोकापाशी कोठेतरी तार उघडी पडली आहे म्हणून. ती सापडेपर्यंत फ्यूज तितक्याच अँपिअरचा ठेवावा आणि एकेक उपकरण सोडवून पाहावे.

काम संपल्यावर गाडी झाकण्यापूर्वी एक तपासणी करावी. सर्व दिवे व किल्ली बंद करून बॅटरीचा अर्थाचा क्लॅम्प काढावा, आणि तो व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरावा. गाडीत विजेचे घड्याळ नसेल, तर तो अजिबात पेटता कामा नये. मंद जरी पेटला, तरी कोठेतरी वीज पाझरते आहे; अशा गाडीचा क्लॅम्प रात्रभर काढलेलाच ठेवावा.