छेद लहान, ऑपरेशन नव्हे

यकृतदात्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा रोबोने होणार म्हटलं, की घरचे हायसं वाटून विचारतात, "म्हणजे छोटंच ना?" छोटे असतात ते पोटावरचे छेद. आत यकृत तेवढंच कापायचं असतं. मोठ्या माणसाला द्यायचं तर बहुधा उजवा भाग घेतात. तो दात्याच्या यकृताच्या साधारण ६० ते ६५ टक्के भरतो. रक्तस्राव, पित्तगळती हे धोके इथेही आहेतच. क्वचित का होईना, यकृतदात्यांचे मृत्यू झालेले आहेत. ही गोष्ट दात्याला त्याच्यासमोर बसून सांगायला हवी, नातेवाइकांमार्फत नव्हे.

रोबो आपलाआपण कापतो, ही समजूत तर सिनेमातली. शेजारच्या कन्सोलवर सर्जन बसलेला असतो; तो हात हलवेल तशी मनगटासारखी वळणारी अवजारं आत हलतात. टेबलाशी दुसरा सर्जन उभा असतोच.

मग एवढा मोठा भाग बारीक भोकातून निघतो कसा? तसा निघतच नाही. ओटीपोटावर, सिझेरियनला घेतात तिथे, आडवा छेद देऊन तो पिशवीतून अखंड बाहेर काढतात. रक्तपुरवठा तोडल्यावर हे झटपट व्हावं लागतं. बरगड्यांखालचा लांब छेद टळल्याने दुखणं कमी होतं, दाता लवकर चालू-फिरू लागतो. हा फायदा खरा आहे.

ही पद्धत कालपरवाची नाही. लहान मुलासाठी डावीकडचा छोटा भाग दुर्बिणीतून काढल्याची नोंद फ्रान्सच्या दानिएल शेर्की यांनी २००२ मध्ये केली. उजव्या भागाची रोबोटिक शस्त्रक्रिया २०१२ मध्ये शिकागोहून प्रसिद्ध झाली. आज सोल, रियाध आणि आपल्याकडे कोचीतही अशा शस्त्रक्रिया होतात.

"यकृत परत उगवतं" हे अर्धंच खरं. कापलेला भाग पुन्हा येत नाही. उरलेला वाढतो, बराचसा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. म्हणूनच दात्याकडे निदान ३० टक्के यकृत राहील, हे सीटी स्कॅनवर आधी मोजतात.

मध्येच पोट उघडावं लागलं, तर सर्जन फसला असं समजू नये. रक्तस्राव आवरेना किंवा पित्तनलिकेची रचना गुंतागुंतीची निघाली, तर उघडणंच शहाणपणाचं. भूल दिलेल्या दात्याला तेव्हा विचारता येत नाही, म्हणून संमतीपत्रात याची परवानगी आधीच घेतात.